काळीज म्हणजे यकृत

आमच्या ऑफिसात 'पोट' म्हणायला बंदी होती. तशी पाटी वगैरे लावलेली नव्हती, पण सरांसमोर कुणी 'पोट' म्हटलं की ते पेन खाली ठेवायचे आणि चष्म्यावरून बघायचे. पोट म्हणजे नेमकं काय म्हणायचंय तुम्हाला, विचारायचे. जठर, लहान आतडं, मोठं आतडं, की नुसती ढेरी? मराठीत पोटात भूक असते, पोटी मूल येतं, अपराध पोटात घालता येतो, गुपित पोटात ठेवता येतं, शिवाय पोटजात आणि पोटभाडेकरू निराळेच. एवढा गजबजलेला शब्द डब्यावर छापायचा आणि खाली लिहायचं दोन चमचे घ्या, हे काही त्यांना पटायचं नाही. चमचे कुठं जाणार ते आधी ठरवा, म्हणायचे.

आता सर नाहीत. त्यांच्या टेबलावर प्रिंटर ठेवलाय, आणि खरं सांगते, त्या बिचाऱ्या प्रिंटरचा मला अजून राग येतो.

ऑफिस नामपल्लीला, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. पावडरी, गोळ्या, सिरपं काढणाऱ्या कंपन्या आपले डबे आणि आतली घडीची पत्रकं आमच्याकडे पाठवतात, आम्ही ती तेलुगू, उर्दू, कन्नड, मराठीत करून देतो. पचन सुधारणारं, कोठा साफ करणारं, कोलेस्टेरॉल उतरवणारं, असाच माल बहुतेक. मराठीचं काम सरांकडे. ते आधी शहरातल्या एका मराठी शाळेत शिकवायचे. मुलं येईनाशी झाली तसे शाळेतले मराठीचे वर्ग बंद पडले आणि सर आमच्याकडे आले. मी त्यांच्या हाताखाली. मराठी घरची, बोलायला फाडफाड, पण शिक्षण सगळं इंग्रजीतून झालेलं, त्यामुळे लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घाची बोंब. पहिल्याच दिवशी माझा कागद तपासून म्हणाले, बाई, तुझ्या वेलांट्या वारा येईल तशा फिरतात वाटतं. घरी जाऊन मी नोकरी सोडते म्हणून जाहीर केलं होतं. सोडली नाही. त्यांच्याशी भांडायची चटक लागली.

भांडणं तरी कसली. खाण्यातल्या फायबरला काय म्हणायचं, यावर आमचा एक अख्खा आठवडा गेला. पुस्तकात असतं ते 'तंतुमय पदार्थ' त्यांना आवडायचं नाही, त्याने हातमागाची आठवण येते म्हणायचे. मी म्हटलं, आमच्या घरी चोथा म्हणतात. त्यांनी शब्द तोंडात घोळवून बघितला, आवडलाही असावा, मग एकदम मान हलवली. ऊस खाऊन आपण थुंकतो तो चोथा. जे थुंकायचं त्याचं नाव खायच्या डब्यावर कसं घालणार? शेवटी तंतुमयच गेलं. प्रोबायोटिकच्या वेळी मात्र त्यांची कळी खुलली होती. पोटात राहतात, आपलंच खातात, वर आपल्यालाच उपयोगी पडतात, असे हे जंतू म्हणजे अस्सल पोटभाडेकरू, असं म्हणून ते स्वतःच इतके खूश झाले की शेजारच्या कन्नडवालीला उठवून समजावून आले. छापताना अर्थात 'उपकारक जिवाणू' असंच छापलं. विनोद टेबलावर, कागदावर नाही, असा त्यांचा नियम होता.

आजारांच्या बाबतीत मराठी फार श्रीमंत भाषा आहे, असं ते अभिमानाने सांगायचे. तडस लागते ती निराळी, गुबारा धरतो तो निराळा, मुरडा निराळा, उमासा निराळा. करपट ढेकर म्हटलं की काल काय जेवलात इथपर्यंत कळतं. इंग्रजी पत्रकात या सगळ्यांना मिळून एकच शब्द असायचा आणि सर त्याची कीव करायचे. नेमका शब्द सापडला की अर्धं औषध झालं, असं म्हणायचे. हे वाक्य मी पुढं फार वेळा मनात उगाळलं.

मला कोलेस्टेरॉल त्यांनीच समजावलं. चांगलं आणि वाईट असे दोन प्रकार पत्रकात असतात, त्याचा त्यांना राग. म्हणाले, अफझलगंजच्या बाजारात जाऊन उभी राहा. काही हमाल गोदामातून माल उचलतात आणि दुकानोदुकानी टाकतात. काही हमाल उरलेला माल गोळा करून परत गोदामात आणतात. टाकणारे फार झाले आणि नेणारे कमी पडले, की गल्ली तुंबते. यात वाईट कोण? गोदाम म्हणजे आपलं यकृत. तेव्हापासून मला रक्ततपासणीचा कागद दिसला की पाठीवर पोती घेतलेले हमाल दिसतात. कुठल्या डॉक्टराने इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

आता हे ऐकून कुणाला वाटेल की सर फार कडक असतील. होते, पण हसायला लागले की थांबता येत नसे. उर्दूचं काम बघणारे आमचे एक गृहस्थ हकिमांच्या घराण्यातले, म्हणून सगळे त्यांना हकीमसाब म्हणतात. एकदा एका पावडरीबद्दल ते मला म्हणाले, ये मेदे को ताकत देता. उर्दूत मेदा म्हणजे जठर, हे मला कुठं ठाऊक. मी टाईप केलं, मेदाला शक्ती देते. मराठीत मेद म्हणजे चरबी, आणि डबा होता चरबी उतरवण्याचा. सरांनी वाचलं आणि टेबलावर डोकं टेकून हसले. डोळे पुसत पुसत म्हणाले, बाई, तू स्थूलपणाला टॉनिक दिलंस. हकीमसाबसुद्धा हसून हसून खोकले. दोघांची दोस्ती त्या दिवसापासून पक्की झाली.

एखादा शब्द खोटा आहे हे सिद्ध करायला सर कुठल्याही थराला जायचे. इसबगोलाच्या डब्यावर इंग्रजीत जे होतं, त्याचं मी 'भरपूर पाण्यासोबत घ्यावे' असं केलं. सर म्हणाले, भरपूर म्हणजे किती? तुझ्या भरपूरमध्ये नि माझ्या भरपूरमध्ये फरक आहे. मी म्हटलं, सर, कुणालाही कळतं. झालं. घरी जाऊन त्यांनी आपल्या मते भरपूर म्हणजे अर्धं भांडं पाण्यात ती भुसी कालवली आणि घेतली. इसबगोल आत जाऊन फुगतं, पाणी नसलं की जागीच घट्ट बसतं. दोन दिवस सर ऑफिसला आले नाहीत. मग काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, मला फोन आला. "पोरी, तुझ्या सरांचं पोट बंद पडलंय, तोंड तेवढं चालू आहे. ये अन् घेऊन जा हे भरपूर." माझी काकूंशी ओळख झाली ती अशी.

काकू सुलतान बाजारच्या. माहेरचं कापडाचं दुकान, घरात चार भाषा, त्यामुळे त्यांच्या मराठीत हौ, नक्को, हल्लू असं सगळं सुखाने नांदायचं. सर बाहेर एवढे शब्दांचे हिशेबी, पण काकूंच्या बोलण्याला हात लावायची त्यांची छाती नव्हती. एका शब्दाचा अपवाद होता. काळीज.

काळीज म्हणजे हृदय नव्हे, काळीज म्हणजे यकृत, हा सरांचा लाडका सिद्धांत. जुन्या कोशात बघा, म्हणायचे. खाटकाकडं जाऊन कलेजी मागा, तो काय देतो? स्वतः जन्माचे शाकाहारी, खाटकाचं दुकान लांबून बघितलेलं, पण पुरावा त्याचाच द्यायचे. लोकांनी चुकीच्या जागी नेऊन ठेवलेला हा शब्द परत उजव्या बाजूला बसवणं, हे आयुष्यातलं एक काम आहे असं त्यांनी धरलं होतं. कुणी काळजाला भिडलं म्हटलं की म्हणायचे, यकृताला भिडलं म्हणा. काकूंनी याची भलतीच मजा केली. त्यांची एकुलती एक मुलगी पुण्याला नोकरीला, रोज फोन व्हायचा. सर ऐकतायत असं बघून काकू मुद्दाम मोठ्याने म्हणायच्या, माझ्या यकृताचा तुकडा गं तू. मुलगी तिकडून हसायची, सर पेपरामागं हसायचे. मटण न शिजणाऱ्या त्या घरात यकृत हा शब्द मिठासारखा रोज वापरात आला. काकूंना पित्त झालं तरी त्या म्हणायच्या, काळीज बिघडलंय, आणि सरांकडं बघून विचारायच्या, बरोबर ना? सर खूश होऊन मान डोलवायचे.

मग ती पावडर आली. तंतुमय, कोलेस्टेरॉल कमी करणारी, भारी डब्यातली. कंपनीच्या जाहिरात विभागाचे एक तेलुगू गृहस्थ मराठी ओळ तयारच घेऊन आले होते, काळजाची काळजी, दोन चमच्यांत. कुणी तरी त्यांना मुंबईहून करून दिलेली. ऐकायला छान होती, मी तर टाळी वाजवायच्या बेतात होते. सरांनी पेन खाली ठेवलं. तुमची पावडर हृदयासाठी आहे आणि ओळ यकृतासाठी, असं ते शांतपणे म्हणाले. गृहस्थांना काही कळेना. ते छातीवर हात आपटून सांगू लागले, गुंडे, सर, गुंडे. तेलुगूत गुंडे म्हणजे हृदय. सर म्हणाले, गुंडे बाहेरच बरे. हकीमसाबांनी साक्ष दिली की त्यांच्याकडंसुद्धा कलेजा म्हणजे जिगर, आणि जिगर म्हणजे यकृतच. दोन म्हाताऱ्यांपुढं त्या एकट्याचं काय चालणार. शेवटी 'हृदयाची निगा' अशी सरांची ओळ गेली. तिच्यात ना लय ना रंग, पण चूक नव्हती. जाताना ते गृहस्थ हात जोडून म्हणाले, पंतुलुगारू, म्हणजे गुरुजी, तुम्ही जिंकलात. त्या संध्याकाळी सरांनी सगळ्यांना इराण्याचा चहा पाजला. मी त्यांना इतकं आनंदात क्वचित बघितलं.

पुढचं सांगायला मला जड जातं, पण तेच तर सांगायचंय.

काकू एका सकाळी गेल्या. आदल्या रात्री काचीगुड्याला नात्यातलं लग्न होतं, दोघं जेवून आली होती. सकाळी सर टेबलाशी बसून ऑफिसचं काम तपासत होते. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "अहो, काळीज दुखायलंय." सर मान खाली घालूनच म्हणाले, कालची बगाऱ्याची वांगी, दुसरं काय. ओवा चाव, कोमट पाणी घे आणि जरा पड. काकू हौ म्हणाल्या आणि आत गेल्या. सरांनी हातातलं पान संपवलं. मग पाणी घेतलं का बघायला आत गेले तर काकू पलंगावर, फोन उशाशी. शेजारच्यांनी रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. हार्ट अटॅक म्हणाले.

डॉक्टरांनी सरांना समजावलं होतं की बायकांच्यात पुष्कळदा हे असंच येतं, पोटात गडबड वाटते, मळमळ वाटते, भल्याभल्यांना कळत नाही. सरांनी ते ऐकून घेतलं. महिन्याभराने कामावर आले तेव्हा त्यांची दाढी पांढरी झालेली होती आणि डब्यात भाकरी नव्हती, बाहेरची इडली होती. दुपारी मला खाली चहाला घेऊन गेले आणि त्या सकाळचं सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसं. मग म्हणाले, "हात कुठं होता तिचा, ते मी बघितलं नाही. मी कागद बघत होतो."

मला त्यांचं दुःख आधी नीट कळलं नाही. कळलं ते हळूहळू. काकू 'काळीज' म्हणाल्या, पण कुठल्या अर्थानं? सगळं जग म्हणतं त्या अर्थानं म्हणाल्या असतील, तर त्या छातीत दुखतंय म्हणून सांगायला आल्या होत्या, आणि सरांनी स्वतःचा सिद्धांत ऐकला. सरांनी शिकवलेल्या अर्थानं म्हणाल्या असतील, तर त्यांना खरंच उजवीकडं, पोटाशी दुखत होतं, आणि मग फसवलं ते आजाराने, सरांनी नाही. त्या घरात तो शब्द दोन्ही अर्थांनी चालायचा. थट्टेनं सुरू झालेलं, मग सवयीचं झालेलं. आता सांगणारं माणूसच राहिलं नव्हतं. सर मला विचारायचे, तुला काय वाटतं? ती माझं ऐकून बोलली असेल, की आपलं बोलली असेल? त्यांना बरं वाटेल ते सांगितलं तर ते माझ्याकडं असं बघायचे की मी उठून चहा सांगायला जायची.

हकीमसाब एकदा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, सर, आप गलत थोडीच थे, कलेजा बोले तो जिगरइच होता. सर म्हणाले, "वहीच तो रोना है, हकीमसाब. मैं सही था." हकीमसाबांनी हात काढून घेतला आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसले.

एक माणूस होतं ज्याला कदाचित माहीत असेल. काकूंनी आत गेल्यावर मुलीला फोन केला होता. फोन लागला होता, बोलणंही झालं होतं, सरांनी नंतर काकूंच्या मोबाईलवर बघितलं होतं. तेव्हा काकू मुलीला जे म्हणाल्या असतील त्यातून कळलं असतं. पण मुलगी दिवसपाणी झाल्यावर पुण्याला परत गेली आणि फोनवर दोन वाक्यांच्या पुढं बोलेना. जेवलात का, गोळी घेतली का, ठेवते. सर म्हणायचे, तिला ठाऊक आहे, म्हणूनच बोलत नाही. आईनं तिला सांगितलं असणार की छातीत दुखतंय म्हटलं तर तुझे बाबा ओवा खा म्हणाले. विचारून टाका ना एकदा, असं मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. ते म्हणायचे, विचारलं आणि तिनं सांगितलं, तर? मग मुलगीही गेली माझी. न विचारता निदान गोळी घेतली का म्हणून तरी विचारते.

या वर्षभरात ऑफिसातले सर मात्र संपले. कुठल्याही शब्दावर भांडेनात. मी मुद्दाम पोट लिहिलं तरी खूण न करता कागद पुढं सरकवायचे. लोक काय म्हणतात, एवढंच विचारायचे, आणि लोक म्हणतात ते ठेवायचे. त्या पावडरीचे डबे पुन्हा छपाईला आले तेव्हा मराठी मजकूर नेहमीसारखा त्यांच्याकडं गेला. परत आला तेव्हा 'हृदयाची निगा' खोडून त्यांच्या सुबक अक्षरात वर लिहिलेलं होतं, काळजाची काळजी. मी तो कागद घेऊन जिन्यात जाऊन रडले. वर येऊन टाईप करून टाकलं.

काकूंच्या वर्षश्राद्धाला सरांनी मला जेवायला बोलावलं. मुलगी पुण्याहून आली होती. घर सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत, खाली कपड्यांची दुकानं, वर सर आणि काकू राहायचे ते दोन खोल्यांचं बिऱ्हाड. भटजी जेवून गेले, नातलग गेले. मी आणि ती स्वयंपाकघरात भांडी विसळत होतो. ती माझ्याशी बोलत होती, इंग्रजी मराठी एक करून, सारखं कामाबद्दल, ट्रॅफिकबद्दल. वडिलांबद्दल चकार शब्द नाही. सर बाहेर दिवाणावर बसलेले, श्राद्धाचं सोवळं अजून सोडलेलं नव्हतं.

त्यांनी तिला हाक मारली. ती हात पुसत दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. मी आतच राहणार होते, पण सर म्हणाले, तूही ये. बहुतेक एकट्यानं ऐकायचा धीर नसावा. मी आले आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

"त्या दिवशी आई फोनवर तुला काय म्हणाली?"

मुलीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग खाली. मला वाटलं आता ही बोलणार आणि सगळं फिसकटणार, मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होते.

"मी मीटिंगमध्ये होते, बाबा."

"काय म्हणाली?"

"दुखतंय गं, म्हणाली."

"काळीज दुखतंय, म्हणाली?"

"नाही. नुसतं दुखतंय. मी म्हटलं, ओके, रेस्ट कर, मी नंतर फोन करते. आणि कट केला." ती एवढं बोलून थांबली, मग भडाभडा बोलायला लागली. तिनं विचारलंच नव्हतं कुठं दुखतंय म्हणून. बाबा घरातच आहेत, असं तिला वाटलं होतं. मीटिंग संपल्यावर फोन केला तो शेजारच्या काकांनी उचलला. वर्षभर तिला वाटत होतं की बाबांना तो फोन दिसलाय आणि ते एक दिवस विचारणार, आईनं सांगितलं तर तू काय केलंस? म्हणून फोनवर दोन वाक्यं बोलून ती पळ काढायची. पुण्यात घरी जाताना रोज कुठंतरी गाडी बाजूला घ्यायची आणि रडून घ्यायची, असंही तिनं सांगितलं. हे सांगताना मात्र तिचे डोळे कोरडे होते.

सर ऐकत राहिले. वर्षभर ज्या एका उत्तराची त्यांनी वाट बघितली ते उत्तर नव्हतंच, कुणाजवळच नव्हतं, हे मला त्यांच्या तोंडाकडं बघून कळत होतं. खाली दुकानदार गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होता, ते सगळं वर ऐकू येत होतं.

"दुखतंय, एवढंच म्हणाली?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"हो."

"पुरे होतं तेवढं," सर म्हणाले.

ते तिला म्हणाले की स्वतःला, मला आजही सांगता येणार नाही. मुलगी दारातच उभी होती, चौकटीला धरून, हाताची बोटं पांढरी पडेपर्यंत घट्ट धरून. मग सरांनी मान वर करून तिच्याकडं बघितलं. नीट बघितलं, आधी चेहऱ्याकडं, मग त्या हाताकडं.

"तुला दुखतंय का गं?"

"हो बाबा," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

कुठं, ते सरांनी विचारलं नाही. दिवाणावर जरा सरकून त्यांनी तिला बसायला जागा करून दिली.